भिंगोजीराव

दीड-पावणेदोन लाखांचा कॅमेरा घ्यायचा. समोरच्याचा डोळा कुठे आहे ते तो आपण होऊन शोधतो, माणूस पळाला तर फोकस त्याच्यामागे पळवतो, कुत्रं, मांजर आणि पक्षी वेगवेगळे ओळखतो. एवढं त्याला शिकवायला कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केलेली असते. आणि घरी आणल्या आणल्या ते सगळं बंद करून टाकायचं, आणि त्याच्या तोंडावर चार हजारांची, पन्नाशीला टेकलेली रशियन लेन्स आवळायची. असा माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर त्याच्या आधार कार्डावर काहीही नाव असो, तो भिंगोजीराव.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक आहेत. ठाण्याला दोन आहेत, पण त्यांचं आपसात पटत नाही. एक ताकुमार लेन्सवाला, दुसरा झाइसवाला. पुण्याचं मी बोलत नाही.

भिंगोजीरावांना ओळखायला कॅमेरा दिसलाच पाहिजे असं नाही. पँटचा खिसा फुगलेला असतो. खिशातून लोकरीचा मोजा निघतो आणि मोज्यातून लेन्स. ती ते आपल्या हातात देतात, पण स्वतःची बोटं काढून घेत नाहीत. "वजन बघ," म्हणतात. आपण बघतो. "सगळं मेटल. यात प्लॅस्टिक शोधून दाखव." मग डोळे मिटून फोकसची रिंग फिरवायला लावतात. "कशी फिरते?"

"बरी फिरते."

"बरी?" ते लेन्स परत मोज्यात घालतात. त्या दिवसापुरतं आपलं त्यांच्याशी संपलेलं असतं.

ही जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी, हा प्रश्न त्यांना विचारू नये. विचारायचाच असेल तर जेवून विचारावा. मी त्यांचं व्याख्यान गाळून देतो. फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मध्ये एक आरसा असे. बटण दाबलं की तो खटकन वर जाई. त्याला हलायला जागा हवी, म्हणून लेन्सचं बूड फिल्मपासून चार-साडेचार सेंटिमीटर लांब ठेवावं लागे. निकॉनमध्ये हे अंतर 46.5 मिलिमीटर, जुन्या पेंटॅक्स आणि प्राक्टिकाच्या आट्यांच्या माउंटात 45.46, मिनोल्टात 43.5. मिररलेस कॅमेरा आला आणि आरसाच गेला. सोनीत हे अंतर 18 मिलिमीटरवर आलं, निकॉनच्या झेड माउंटात 16 वर. मधली जी जागा मोकळी पडली ती भरायला एक नळी लागते, एका तोंडाला जुने आटे, दुसऱ्या तोंडाला नवं माउंट. तिचं नाव अडॅप्टर. साध्या अडॅप्टरात काच नाही, तारा नाहीत, मोटर नाही. भिंगोजीराव तो एका डोळ्याला लावतात आणि पलीकडून आपल्याकडे बघत विचारतात, "आत काय आहे सांग?"

"काही नाही."

"करेक्ट! हवा. त्या हवेला बाराशे रुपये मोजलेत मी." यात तक्रार नसते.

मिररलेस घेण्याआधी त्यांच्याकडे निकॉनचा डीएसएलआर होता, त्या दिवसांबद्दल वहिनी अजून हळहळतात. आकडेच बघा ना. आट्यांच्या लेन्सला हवेत 45.46 मिलिमीटर, निकॉनने आधीच खाल्लेत 46.5. लेन्स मिलिमीटरभर पुढे बसली. ऐकायला एवढंसं, पण तेवढ्याने 58 मिलिमीटरच्या लेन्सचा पल्ला तीनेक मीटरवर येऊन थांबतो. पलीकडे सगळं धुकं. काच घातलेला अडॅप्टर मिळत होता, पण "लेन्सच्या मागे परकी काच?" असं म्हणून तो त्यांनी नाकारला. आमच्या गच्चीवरून मलंगगड रोज स्वच्छ दिसतो, तो भिंगोजीरावांच्या कॅमेऱ्यात काही केल्या येईना. त्या काळात त्यांनी जास्वंद, मुंग्या, दाराची कडी आणि वहिनींच्या कुड्या एवढ्याच विषयांवर काम केलं. कुड्यांचेच दोन अल्बम आहेत.

2013 साली सोनीने ए-सेव्हन आणला. फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, आणि आत आरसा नाही. भिंगोजीरावांनी काही वर्षांनी त्याच घराण्यातला पुढचा कॅमेरा घेतला, गच्चीवर नेला, मलंगगडाकडे रोखला आणि रिंग शेवटपर्यंत फिरवली. नंतर ते "अनंत मिळाला! अनंत मिळाला!" असं ओरडत जिना उतरले. तळमजल्यावरच्या मंडळींना वाटलं, कुणाचा तरी मुलगा हरवला होता.

त्यांची लाडकी लेन्स हेलिओस 44-2. 58 मिलिमीटर, एफ-टू. तिची कुळकथा ते सत्यनारायणाच्या निवांतपणाने सांगतात. मूळ घराणं जर्मनीतल्या येना गावच्या कार्ल झाइसचं, तिथल्या बायोटार नावाच्या लेन्सचं. युद्धात जर्मनी हरली, येना रशियाच्या वाट्याला गेलं, नुकसानभरपाई म्हणून यंत्रं आणि नकाशे गाड्या भरभरून पूर्वेकडे गेले, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बायोटारचीच आखणी हेलिओस या नावाने नांदू लागली. झेनिट कॅमेऱ्याबरोबर ती लाखांनी खपली. क्रास्नोगोर्स्क हे नाव भिंगोजीराव इतक्या सहज घेतात, की ते उल्हासनगर आणि अंबरनाथच्या मध्ये कुठेतरी लागतं असं वाटावं. लेन्सवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे म्हणजे बहुधा जन्मसाल. त्यांच्या हेलिओसवर 77 आहे. "आणीबाणी उठली त्या साली हिचा जन्म," असं सांगून ते थोडं थांबतात. का थांबतात ते कळत नाही, पण आपणही थांबतो.

या लेन्सची ख्याती कशासाठी, तर मागचं झाड गोल गोल फिरतं. ती पूर्ण उघडी ठेवून फोटो काढला की मागच्या पानांचे धूसर ठिपके कडेकडेला लांबट होतात आणि माणसाभोवती फेर धरतात. हा खरं तर दोष. लेन्स बनवणाऱ्यांच्या पिढ्या तो घालवण्यात गेल्या, आणि आता घालवलेला दोष परत मिळावा म्हणून माणसं पैसे मोजतात. माझं मत विचाराल तर भिंगोजीरावांच्या सगळ्या शास्त्राचं सार इथे आहे. कडा फिसकटल्या तर "ड्रीमी", उजेडाने फोटो पांढुरका पडला तर "ग्लो", रंग उतरले तर "फिल्म लुक", आणि यापैकी काहीच न होता फोटो स्वच्छ आला तर "क्लिनिकल". हा शेवटचा शब्द ते नाक मुरडून उच्चारतात. "शार्प काय, कुणीही येतो रे शार्प. हिला कॅरॅक्टर आहे." माणसाच्या बाबतीत ज्याला आपण खोड म्हणतो, त्याला लेन्सच्या बाबतीत कॅरॅक्टर म्हणतात.

त्यांच्या मुलीने एकदा मोबाइलवर पोर्ट्रेट मोड लावून तसाच गरगरीत फोटो दोन सेकंदांत काढून दाखवला. भिंगोजीरावांनी तो बराच वेळ मोठा करून बघितला आणि कानाशी कापल्या गेलेल्या तीन केसांवर बोट ठेवलं. "खोटं ब्लर," म्हणाले, आणि रात्री नीट जेवले.

खरेदीला जायचं ते बोरा बाजारात. सीएसएमटीला उतरून चालत. जाताना ते मला बरोबर घेतात, कारण घासाघीस करताना "चल रे, जाऊ दे" असं म्हणून ओढायला एक माणूस लागतो. दुकान म्हणजे दीड माणूस उभा राहील एवढं, काचेच्या कपाटात बंद पडलेले याशिका आणि पेंटॅक्सचे के-थाउजंड दाटीने बसलेले. मालक काउंटरवर लेन्स ठेवतो आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. तेवढ्या वेळात भिंगोजीराव तपासणी उरकतात, आणि ती बघण्यासारखी असते. आधी लेन्स कानाशी हलवून बघतात, आत काही सुटं आहे का. मग अ‍ॅपर्चर पूर्ण मिटवतात आणि पात्यांवर तेल आलंय का ते पाहतात. मग मागच्या खिळीवर नखाने टिचकी मारतात, पाती झटकन मिटतात की आळसावतात ते कळायला. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या बुडाला लावून पुढून एक डोळा घालतात. हे सगळ्यात महत्त्वाचं. वरून काच कितीही चकचकीत असली तरी टॉर्च मारला की आतली बुरशी कोळ्याच्या तंतूंसारखी उजळून निघते. मुंबईच्या चार पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती बहुतेक धरतेच.

"फंगस है," भिंगोजीराव जाहीर करतात.

"धूल है, साब."

"धूल को जडें नहीं होतीं."

"साब, रशियन माल है. टँक है, टँक."

"टँक को भी फंगस होता है. पाँच सौ कम करो."

मी म्हणतो, "चला हो, जाऊ दे." आम्ही तीन पावलं चालतो. मालक हाक मारतो. हा प्रयोग इतक्या वेळा झालाय, की हल्ली मालकच मला डोळ्याने खुणावतो, आता म्हणा.

स्वस्त पडतं, असा भिंगोजीरावांचा या सगळ्यामागचा हिशेब आहे. नवी लेन्स साठ हजारांची, ही चार हजारांची, म्हणजे छप्पन्न हजार वाचले. मग अडॅप्टर आला. प्रत्येक घराण्याचा वेगळा, आणि स्वस्तातला डुगडुगतो म्हणून चांगला पुन्हा. मग पावसाळ्यात हवेतला दमटपणा चाळीस-पन्नास टक्क्यांवर राखणारं विजेचं कपाट आलं. पेचकस आले, लेन्सची कडी उघडायचा पाना आला, डब्याडब्यांतून सिलिका जेल आलं. छप्पन्न हजार वाचवलेल्या लेन्सा आता एकवीस झाल्या आहेत. एवढे पैसे वाचवलेला दुसरा माणूस आमच्या सोसायटीत नाही.

वहिनींचा या छंदाशी संबंध दोनच वेळा आला. पहिल्यांदा एक अडॅप्टर लेन्सच्या आट्यांत असा बसला की निघेना. भिंगोजीरावांनी आठवडाभर निरनिराळे स्प्रे मारले, ठाण्याच्या झाइसवाल्यालासुद्धा फोन केला, म्हणजे परिस्थिती किती गंभीर ते बघा. शेवटी वहिनी पोळ्या टाकून आल्या, अडॅप्टरला रुंद रबर गुंडाळलं, बुडाशी लाटण्याने दोन हलके ठोके दिले आणि एका झटक्यात फिरवून दोन्ही तुकडे ओट्यावर ठेवले. "लिंबाच्या लोणच्याची बरणी याहून घट्ट बसते," एवढंच बोलल्या.

दुसरं प्रकरण मोठं आहे. भिंगोजीरावांना कुठूनशी सुपर ताकुमार मिळाली, 50 मिलिमीटर, एफ-1.4. जपानच्या असाही कंपनीची ही लेन्स साठच्या दशकातली. तिच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम घातलेली काच आहे. थोरियमने काच उजेड जास्त वाकवते आणि रंग फाकू देत नाही. पण थोरियम पडलं किरणोत्सर्गी. काही दशकांत काच आपल्याच किरणांनी पिवळी पडते, चहाच्या रंगाची. उपाय सोपा आहे, ऊन. अतिनील किरणांनी पिवळेपणा हळूहळू उतरतो. लेन्सपासून धोका असा जवळजवळ काही नाही, ती डोळ्याला बांधून झोपलात तर गोष्ट वेगळी. पण हे सगळं भिंगोजीरावांनी लिफ्टमध्ये सेक्रेटरींना मोठ्या हौसेने सांगितलं, आणि सेक्रेटरींच्या कानात "किरणोत्सर्गी" एवढा एकच शब्द राहिला.

एप्रिल महिना. गच्चीवर वहिनींच्या कुरडया जुन्या साडीवर घातलेल्या. शेजारी भिंगोजीरावांनी दोन विटांवर ताकुमार उभी केली, खाली चांदीचा कागद, म्हणजे ऊन उलटून परत काचेत जाईल. कावळ्यांवर आणि लेन्सवर अशी दुहेरी राखण मुलीकडे दिली. मुलगी मोबाइलमध्ये. अकराच्या सुमाराला वारा सुटला, चांदीचा कागद उडाला, साडीचा पदर फडफडत विटांच्या मध्ये आला. एफ-1.4 म्हणजे उजेड ओढून घेण्यात नावाजलेली लेन्स. तिने डोंबिवलीचं एप्रिलचं ऊन वाटाण्याएवढ्या ठिपक्यात गोळा केलं. आधी वास आला. मग धूर. मग साडीला भोक आणि सात कुरडया काळ्या.

वहिनी वर आल्या, भोकातून बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, "किरणं बाहेर टाकते म्हणालात. आत घेऊन जाळते हे नाही म्हणालात."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: गच्चीवर किरणोत्सर्गी वस्तू वाळत घालू नयेत. आदेशावरून. ती सूचना अजून आहे. नवीन भाडेकरू ती वाचून गंभीर होतात.

आता प्रत्यक्ष फोटो. सोसायटीच्या गणपतीत हे काम भिंगोजीरावांकडे असे. जुन्या लेन्सला विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. तो म्हणतो, लेन्स बसवा. मग मेनूत खोल जाऊन, लेन्स नसली तरी शटर चालू दे, अशी त्याची समजूत घालावी लागते. हात थरथरला तर सावरणाऱ्या यंत्रणेला 58 हा आकडा हाताने भरून द्यावा लागतो. मग फोकस. जिथे फोकस असेल तिथल्या कडा पडद्यावर लाल चमकतात, त्या लाल रेघा समोरच्याच्या नाकावरून डोळ्यावर आणायच्या, श्वास रोखायचा आणि दाबायचं. अर्ध्या मीटरवरून एफ-टूवर जेमतेम सेंटिमीटरभर खोलीचं जग स्पष्ट येतं. समोरचा माणूस जरा हसला तरी तेवढ्यातून बाहेर जातो. म्हणून इतर फोटोग्राफर "हसा" म्हणतात, भिंगोजीराव "हलू नका" म्हणतात. पहिल्या आरतीला लावलेला डोळा मंत्रपुष्पांजलीला निघतो, आणि तोवर पुढच्या रांगेतली सगळी मुलं गंभीर झालेली असतात.

कमिटीच्या ग्रुप फोटोत एकदा फक्त खजिनदारांच्या मिशा स्पष्ट आल्या. सेक्रेटरींनी फोटो हातात धरून विचारलं, "माझ्या डोक्याभोवती हे काय फिरतंय?"

"तोरण," भिंगोजीराव म्हणाले. "काय सुंदर फिरलंय."

"एफ-एट लावून सगळे स्पष्ट येत नाहीत का?"

"येतात ना. मग तोरण फिरत नाही."

पुढच्या वर्षी कमिटीने बाहेरचा फोटोग्राफर ठरवला. त्याने हजारएक फोटो दिले, सगळ्यांत सगळे स्पष्ट, आणि ते कुणी पाहिले नाहीत. भिंगोजीरावांनी मात्र हौसेखातर कोपऱ्यात बसून 135 मिलिमीटरच्या एका जपानी लेन्सने काही फोटो घेतले होते. ही लेन्स त्यांच्या एकविसांतली सगळ्यात आजारी. आतल्या काचेवर पांढुरकं धुकं. त्यातला दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा फोटो सपशेल हुकला होता. फोकस आजींच्या मागच्या समईवर, आजी धुक्यात, चेहऱ्याभोवती उजेडाची साय. भिंगोजीराव तो पुसणारच होते. मुलीने चुकून बाकीच्यांबरोबर तोही सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी आजी जिने चढून स्वतः आल्या. "यात मी बरी दिसते," म्हणाल्या. "सुरकुत्या सगळ्या कुठे गेल्या रे?"

"आजी, तो फसलाय. फोकस समईवर आहे."

"समई काय, समईच आहे. मी बरी दिसते."

तो फोटो आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेवर छापला गेला, मोठा करून हॉलच्या दारातही लागला. त्यानंतर भिंगोजीरावांकडे जी रीघ लागली ती हेलिओसच्या आयुष्यात कधी लागली नव्हती. साठीच्या पुढच्या समस्त महिलावर्गाला फोटो हवा होता, आणि "तुमच्या त्या घाण झालेल्या भिंगानेच काढा" ही अट होती. भिंगोजीरावांना मनापासून अपमान वाटला. एकवीस लेन्सा, येना काय, क्रास्नोगोर्स्क काय, आणि माणसं मागतायत ती फसलेली! पण नाही म्हणायचं तरी कसं? शिवाय एक अडचण होती, जी ते कुणाला सांगत नव्हते. आजींच्या फोटोनंतरच्या आठवड्यातच त्यांनी ती 135 एका जुन्या मेकॅनिककडून उघडून, पुसून, लख्ख करून आणली होती. आता ती अतिशय शार्प होती. तिने काढलेला पहिला फोटो बघून चौथ्या मजल्यावरच्या काकू दोन दिवस वहिनींशी बोलल्या नाहीत.

म्हणून परवा आम्ही पुन्हा बोरा बाजारात गेलो. भिंगोजीरावांनी टॉर्च लावून एकामागून एक पाच-सहा लेन्सा बघितल्या आणि बाजूला सारल्या. "साफ है," तोंड पाडून म्हणाले. "कोई खराब दिखाओ." मालकाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेली एक 135 काढली. भिंगोजीरावांनी टॉर्च लावला. आत धुकंच धुकं, एका कडेने बुरशीची जाळीसुद्धा. त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला मालकाने पाहिला, हे माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईने "चला हो, जाऊ दे" म्हणून त्यांचा हात ओढला, पण ते हलेनात.

"कितना?"

मालकाने लेन्स त्यांच्या हातातून काढून घेतली, फडक्याने सावकाश पुसली आणि म्हणाला, "साब, लेन्स का दो हजार. फंगस का अलग लगेगा."